जुलाब थांबले, पण आतड्याचे काय?

२२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारी नद्यांचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले. एवढा पूर दरवर्षी येत नाही, पण गढूळ पाणी पोटात जायला पुराची गरजही नसते. महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर झऱ्याचे, विहिरीचे पाणी पावसाळाभर प्यायले जाते आणि जुलाबाची मुले आपल्याकडे येतात. आई म्हणते, "डॉक्टर, सलाईन लावा, नाहीतर बंद व्हायची गोळी द्या." आपण अनेकदा दोन्ही देतो, वर एक अँटिबायोटिकही. आतड्याचा विचार मात्र राहून जातो.

आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते आणि दर चार-पाच दिवसांनी नवे होते. त्यावर श्लेष्माचे आवरण, त्यात पॅनेथ पेशींची जंतुनाशक प्रथिने आणि आयजीए. अस्तराखाली पेयर्स पॅचेसमध्ये कोणाला सोडायचे आणि कोणाला अडवायचे, याचा निवाडा अहोरात्र चालतो. दूषित पाणी वारंवार गेले, की जुलाब नसतानाही विली खुरटतात, पेशींमधले सांधे सैल होतात, दाह रेंगाळतो. मूल भात-पेज खाते, तरी अंग धरत नाही.

तोंडावाटे दिलेल्या लसीही अशा आतड्यात कमी रुजतात. दिल्ली, पुणे आणि वेल्लोरच्या चाचणीत रोटाव्हॅकने पहिल्या वर्षी तीव्र रोटाव्हायरस जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण दिले. श्रीमंत देशांत अशा लसींचा आकडा ८५ च्या वर जातो. आतड्याची ही अवस्था त्याचे एक कारण मानली जाते. आपल्याकडे आजारच इतका जास्त, की ५६ टक्क्यांनीही पुष्कळ मुले वाचतात. लस चुकवू नकाच.

मग अशा मुलाला द्यायचे काय? अँटिबायोटिक शौचात रक्त असेल किंवा कॉलऱ्याचा संशय असेल तेव्हाच. एरवी ते आतड्यातल्या उपकारक जीवाणूंनाच मारते. बंद व्हायची गोळी लहान मुलाला कधीच नको. जलसंजीवनी, अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे सुरू ठेवा. झिंक पूर्ण १४ दिवस द्या. जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशी झिंकची बाटली फळीवर जाते. म्हणून आईला पहिल्याच भेटीत समजावून सांगा, की जुलाब थांबले तरी अस्तर भरून यायला वेळ लागतो.

आणि केसपेपरवर तापाशेजारी पाण्याचा स्रोतही लिहा. एकाच विहिरीवरची दोन-तीन मुले आली, की आरोग्यसेवकाला त्याच दिवशी फोन करून विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडली का, पाण्यातला क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट झाली का, हे विचारा.