पथ्य सांगण्याआधी

वैशाखाचे ऊन शिगेला पोहोचते आणि परिचारिका दिनाचा १२ मे उजाडतो. रिवाजाप्रमाणे रुग्णालयांतून दिवे उजळतात, परिचारिका शपथ घेतात, त्यांच्या हाती फुले येतात आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे स्मरण होते. नाइटिंगेल भारतात कधी आल्या नाहीत. तरी इथल्या खेड्यापाड्यांच्या आरोग्याची चिंता त्यांनी वाहिली आणि त्यासाठी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहारही केला. दूरच्या लोकांचे भले चिंतायचे तर आधी त्यांच्यातल्या जाणत्यांना विचारावे, एवढी नम्रता त्यात होती.

पुण्यातल्या १८९७च्या प्लेगात हे विचारणेच राहून गेले. रोग्याला वेगळे ठेवणे वैद्यकाच्या हिशेबी योग्यच होते. पण प्लेग अधिकारी रँडच्या अमलात गोरे शिपाई पायांतल्या बुटांसह माजघरात आणि देवघरात शिरले, बायाबापड्यांची तपासणी अब्रूची पर्वा न करता झाली आणि लोक रोगाहून तपासणीलाच अधिक भिऊन आपली माणसे लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याकडच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. एकाच शहरात, एकाच महिन्यात शुश्रूषेची ही दोन रूपे आपल्या पूर्वजांनी पाहिली.

आज पुण्याच्या वारज्यात उभे राहिले की हा इतिहास फार दूरचा वाटत नाही. १९९७मध्ये महापालिकेत आलेले हे मुठाकाठचे गाव आता मराठवाड्यातून, खानदेशातून, कर्नाटकातून, बिहारमधून पोटासाठी आलेल्यांचे घर झाले आहे. ओपीडीच्या एकाच बाकावर बांधकामावरची मजूर बाई, माळवाडीतले जुने आजोबा आणि आयटीतला तरुण शेजारी बसतात. केस पेपरवर तिघांची साखर आकड्यांतच उतरते. मात्र एकाच्या घरी ज्वारीची भाकरी असते, दुसऱ्याच्या घरी भात, तिसऱ्याचे जेवण रात्री अकराला. एकादशीला साबुदाणा खाणाऱ्या आजींना किंवा रमजानचे रोजे धरणाऱ्या चाचांना ‘गोळी जेवणाआधी घ्या’ एवढेच सांगून भागत नाही. उपास कधी, तो सोडता कधी, घरात पानावर काय वाढले जाते, हे विचारणे हाही उपचारच आहे. बाळंतिणीच्या शेक-शेगडीला हसणारी सिस्टर तिचा विश्वास गमावते. ‘शेगडीचा धूर बाळापासून लांब ठेवू या’ म्हणणारीचे ऐकले जाते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारून दवाखाना त्यांच्या वस्तीसारखा बांधला आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव दिले. राणीताईंच्या १९८९च्या पाहणीत दोन गावांतल्या तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी तपासणी झाली होती ती जेमतेम ८ टक्क्यांची. कोणी आपुलकीने विचारल्यावाचून बाई असे दुखणे उघड करत नाही, हे आपल्या घरातही आपण जाणतोच.

२०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे शिक्षण आले, स्थानिक भाषेलाही जागा मिळाली, हे फार चांगले झाले. वारज्याशेजारच्या कर्वेनगरात, जिथे महर्षी कर्व्यांनी १९०० साली आपला आश्रम हिंगण्याच्या माळावर आणला, तिथे आज मुली परिचर्येचे शिक्षण घेतात. पण कामाची पाळी संपेपर्यंत पाठ टेकायला न मिळणाऱ्या सिस्टरने गोडीने बोलावे, अशी अपेक्षा धरताना तिच्या वॉर्डात पुरेसे हात आहेत का, हेही रुग्णालयांना विचारायला हवे. डिस्चार्जच्या वेळी पथ्य समजावून सांगण्याचा वेळ तिच्या कामातच धरलेला असावा, आणि ते सांगणे रुग्णाच्या भाषेत असावे.

आणि आपण? डॉक्टर-परिचारिकांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राला २०१० साली कायदा करावा लागला. रुग्णासोबत जाताना घोळका करण्याऐवजी जबाबदार असा एकच जण पुढे व्हावा, घरी चालू असलेला काढा-पाला न लपवता सांगावा, आणि आजीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आजीलाच देऊ द्यावे.