बेरजेवरचा आळ

संगणकात जुळवलेले गाणे ‘सपाट’ वाटते, त्यात खोली नसते, वाद्ये एकमेकांत मुरत नाहीत, ही तक्रार ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात अनेक वर्षे ऐकू येते. ती करणाऱ्यांत कान तयार असलेली माणसेही आहेत. म्हणून तिला हसण्यावारी नेता येत नाही. माझा आक्षेप तक्रारीला नाही, निदानाला आहे. दोष संगणकाच्या बेरजेचा, तेव्हा सगळे ट्रॅक बाहेर काढून तारा आणि ट्रान्सफॉर्मर असलेल्या यंत्रात एकत्र करावेत, असे सांगितले जाते. हे निदान मला चुकीचे, किंबहुना आळशी वाटते.

बेरीज म्हणजे इथे अक्षरशः बेरीज. सेकंदाला ४८,००० वेळा प्रत्येक ट्रॅकवरचा एक आकडा घ्यायचा, फेडरच्या प्रमाणात गुणायचा आणि सगळे आकडे मिळवायचे. प्रो टूल्सच्या जुन्या टीडीएम संचांतही ही मिळवणी ४८ बिटांत होत असे. २०११ च्या एचडीएक्समध्ये ती ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंटवर गेली. यात उरणारी चूक खोलीतल्या पंख्याच्या घरघरीखाली केव्हाच गाडली जाते. ज्यांना पटत नसेल त्यांनी तेच ट्रॅक, तीच फेडरची मापे आणि पॅनचा तोच नियम ठेवून दोन वेगळ्या प्रणालींत मिश्रण करावे, एकाचे धन-ऋण उलटवावे आणि दोन्ही मिळवावीत. हाती शांतता लागते. (पॅनचा नियम विसरला तर लागत नाही, कित्येक ‘फरक’ तिथेच जन्मले आहेत.)

मग त्या तयार कानांनी ऐकले ते काय? पुष्कळदा पातळीची हेळसांड. परस्परांशी संबंध नसलेले, सारख्याच ताकदीचे २४ ट्रॅक मिळवले की पातळी सुमारे १४ डेसिबलने चढते. टेपवर काम केलेल्या माणसाला सुई वर ठेवण्याची सवय असते, कारण टेप हळूहळू दबते आणि ते दबणे गोड लागते. बाहेर पडणारा आकडा मात्र मर्यादा ओलांडताच सरळ कापला जातो. बाहेरच्या यंत्रातला ट्रान्सफॉर्मर थोडी विकृती घालतो, ती कानाला सुखावते, हेही खरेच. पण तिला रंग म्हणावे. तिला बेरजेची शुद्धता म्हणून विकू नये.

आणि पुष्कळदा दोष वाटेचा असतो. २००७ च्या सुमारास पुण्यातल्या एका लहान स्टुडिओत भावगीताच्या मिश्रणाला मी बसलो होतो. तबला पोकळ वाजत होता. बायाँचा मूळ ट्रॅक थेट मुख्य बसवर जाई आणि त्याचीच प्रत दुसऱ्या बसवरून, कम्प्रेसरमधून येई. मालकांनी हात टेकले होते. ‘कॉम्प्युटरला बेरीज जमत नाही,’ असे म्हणून बाहेरच्या यंत्रासाठी कर्ज काढण्यापर्यंत ते आले होते. तो प्लग-इन ६४ सॅम्पल उशीर करीत होता, म्हणजे १.३३ मिलिसेकंद. ऐकायला काहीच नाही; पण अशा दोन प्रती एकत्र आल्या की ३७५ हर्ट्‌झपाशी आणि पुढे ११२५ हर्ट्‌झपाशी त्या एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणजे नेमका तबल्याचा गाभा जातो. बेरीज अचूक होती म्हणूनच तो गेला! हा उशीर आपोआप भरून काढण्याची सोय प्रो टूल्सच्या महागड्या एचडी संचांत २००४ साली आली. त्या स्टुडिओसारख्या साध्या संचांना ती २०१० मध्ये नवव्या आवृत्तीबरोबर मिळाली. मधली सहा वर्षे कमी पैशांत काम करणाऱ्यांचा आवाज असा पातळ होत राहिला, आणि त्यांनाच सर्वांत महाग उपाय सुचवला गेला.

आम्ही मूळ ट्रॅक ६४ सॅम्पल मागे सरकवला. मालकांनी तो अंतरा तीनदा वाजवून पाहिला आणि कर्जाचे कागद टेबलाच्या खणात टाकले.