जे आटे जुळत नाहीत, ते जुळवून देऊ नका

कोकण किनाऱ्यावरच्या आपल्या मुलांना स्कूबा डायव्हिंगच्या रूपाने एक नवी रोजी मिळाली आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. गोव्यात ग्रँड आयलंडकडे पर्यटकांच्या बोटी जातात. आम्ही पडलो कापडवाले, समुद्रात बुडी मारणे आमचे काम नव्हे. परंतु या धंद्याच्या सामानात एक सांधा असा आहे की त्याचा संबंध सामान विकणाऱ्या व्यापाऱ्याशी आणि लेथवर बसणाऱ्या कारागिराशीही येतो. सबब हे चार शब्द.

बुडी मारणाऱ्याच्या पाठीवरच्या टाकीत हवा साधारण 200 बार दाबाने भरलेली असते. कारागिरांच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे 200 किलोंचा रेटा. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळजवळ शंभरपट. रेग्युलेटर नावाचे यंत्र हा दाब उतरवून माणसाला श्वास घेण्याजोगी हवा देते. रेग्युलेटर टाकीच्या व्हॉल्व्हला जिथे जोडला जातो, त्या सांध्याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत.

पहिला योक. यात शिकंजासारखी चौकट व्हॉल्व्हवर अडकवून मागचा स्क्रू आवळतात. रबरी ओ-रिंग टाकीच्या व्हॉल्व्हवर असते. ती फाटकी किंवा वाळलेली असली, किंवा बोटीत चौकटीला जोराचा धक्का बसला, तर हवा तिथूनच सुटते. योकची मर्यादा साधारण 232 बारपर्यंत. दुसरा डिन, म्हणजे जर्मनीच्या मानक संस्थेने ठरवलेला. यात रेग्युलेटर व्हॉल्व्हच्या आत आट्यांनी फिरवून बसवतात. ओ-रिंग रेग्युलेटरच्या टोकाला असते आणि आत बंदिस्त राहते, म्हणून हा सांधा जास्त भरवशाचा. आपल्याकडे पर्यटकांच्या बोटींवर योकच जास्त चालतो, युरोपात डिन.

आता मुद्द्याची गोष्ट. डिनमध्येही दोन जाती आहेत, 200 बार आणि 300 बार. आट्यांचे माप दोन्हींचे एकच, जी 5/8. पण 200 च्या रेग्युलेटरला आटे पाच, 300 च्याला सात, आणि 300 च्या व्हॉल्व्हचे भोक जास्त खोल. 300 चा रेग्युलेटर 200 च्या व्हॉल्व्हला बिनदिक्कत लागतो. उलट 200 चा रेग्युलेटर 300 च्या व्हॉल्व्हमध्ये फिरवला तर तो आत जातो, पण त्याची ओ-रिंग तळाला टेकतच नाही आणि हवा फसफसून बाहेर येते. बनवणाऱ्याचे माप चुकले असे कोणी समजू नये. कमी दाबाचे यंत्र जास्त दाबाच्या टाकीला लागूच नये, म्हणून ते मुद्दाम तसे केले आहे.

शिलाईच्या मशीनवाल्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. घरच्या मशीनच्या सुईची मान एका बाजूने चपटी, कारखान्याच्या मशीनची गोल. एकीची सुई दुसरीत बसत नाही. फरक इतकाच की तिथे जबरदस्तीने बसवली तर टाके सुटतात, कापड वाया जाते. इथे खाली माणूस असतो.

आमच्या नात्यातील एका मुलाने आखातातून सुटीवर येताना वापरलेला डिन रेग्युलेटर स्वस्तात आणला. इथली टाकी योकची. मुलगा गेला लेथवाल्याकडे, "चाचा, मधला एक तुकडा बनवून द्या." चाचांनी साफ नकार दिला, "बेटा, याचा दाब मला माहीत नाही, याची धातू मला माहीत नाही." त्या दिवशीची मजुरी बुडाली असेल, पण आमच्या मते हुनर म्हणतात ते हेच. त्या मुलाचे काम तयार ॲडॅप्टरने झाले. डिन रेग्युलेटरवर बसणारी योकची चौकट कंपन्या रीतसर बनवून विकतात. तिने डोक्यामागचा भाग थोडा लांबतो, एवढीच तक्रार.

उलट बाजूलाही सोय आहे. 200 च्या डिन व्हॉल्व्हमध्ये एक आतले बुच अॅलन चावीने बसवले की त्यावर योक लागतो. हे बुच 300 च्या व्हॉल्व्हसाठी नाही, दुकानदार काहीही म्हणो.

याहून घातक एक घोळ टाकीच्या मानेत होतो. व्हॉल्व्ह जिथे टाकीत बसतो तिथले आटे कुठे मेट्रिक, एम 25, तर कुठे पाऊण इंची. एम 25 चा व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत काही फेरे फिरतो, बसल्यासारखाही वाटतो. मग हवा भरताना तोच व्हॉल्व्ह गोळीसारखा उडतो आणि समोर उभा असतो तो भरणारा पोरगा. जुन्या टाक्यांचे व्हॉल्व्ह अदलाबदल करून विकणाऱ्यांचा आम्हाला राग येतो तो याच कारणाने. ज्यात प्राणवायू वाढवलेला असतो, त्या टाक्यांसाठी तर युरोपच्या ईएन 144-3 या मानकाने एम 26 हे निराळेच आटे ठरवले. प्राणवायू आणि तेल-ग्रीस एकत्र आले की आग लागते, म्हणून साध्या हवेचे सामान तिथे लागूच नये हा हेतू. असल्या सांध्यासाठी कोणी ॲडॅप्टर मागितला तर आधी त्याला कारण विचारावे.

आपल्या देशात दाबाच्या सिलिंडरांना 2016 चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत आणि त्यांचा अंमल पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. टाकीची दाबचाचणी ठरलेल्या मुदतीने झाली का, हे मानेजवळच्या शिक्क्यावरून कळते. तो शिक्का रंगाखाली दडवलेला असेल तर सौदा तिथेच सोडावा.

नव्याने सामान घेणाऱ्या मुलांना आमचा सल्ला असा की रेग्युलेटर 300 बारचा डिन घ्यावा आणि सोबत त्याच कंपनीचा योक ॲडॅप्टर. सुरुवातीला खर्च थोडा जास्त, पण गोव्यात, अंदमानात किंवा आखातात कुठेही नोकरी लागली तरी अडत नाही. एम 26 ची टाकी तेवढी वेगळी. आणि विकणाऱ्याने बिलावर नुसते "रेग्युलेटर 1 नग" लिहू नये. योक की डिन, 200 की 300, आणि टाकी असेल तर मानेचे आटे कोणते, हे तिन्ही लिहून सही करून द्यावे.