डब्बा कपाटामागं, अन् गाव म्हणे ऑनलाइन!



ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्रानं २०११ मध्ये मंजूर केली. पुढं तिचं नाव भारतनेट झालं. पण वायफायचा अॅक्सेस पॉइंट कुलूपबंद खोलीत, लोखंडी कपाटामागं ठोकला तर रेंज पायरीपर्यंतही येत नाही. ड्रिपच्या नळ्या अंथरल्या अन् प्रेशर पाहिलंच नाही, तर शेवटच्या झाडाले पाणी भेटते काय?

ठेकेदाराचं बिल काढण्याआधी एवढं तपासा:

१) अॅक्सेस पॉइंट बाहेर वापरायचा, उंचावर, टिनापासून दूर.
२) २.४ गिगाहर्ट्झ चालू पाहिजे. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण पल्ला कमी. चॅनेल १, ६ किंवा ११.
३) कंपनीचा अॅडमिन पासवर्ड बदललेला.
४) लाइन गेल्यावर चालणारी बॅटरी.

कोणी म्हणन, मोबाइलात डेटा आहेच की! डेटा आहे, पण टॉवरची रेंज नसन तर तो काय चाटायचा? ई-पीक पाहणीचा फोटो वावरात निघते, अपलोडले नेट लागते. २०२५ पासून सीसीआयले कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अॅपवर नोंदणी लागते. मुदत हुकली की पडेल त्या भावात व्यापाऱ्याले द्या.

पंचायतीले जमत नसन तर किराणा दुकानदाराले करू द्या. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणीत त्याले लायसन्सही लागत नाही, फीही नाही.

ग्रामसभेत एकच मागणी करा: पारावर उभं राहून फोन लावू. नेट चाललं तरच काम पूर्ण. नाहीतर सही नाही.