अर्जातले कारण आणि तारणाचा कागद

बँकेत तीस-पस्तीस वर्षे काढल्यावर माणसाला एक खोड जडते. कोणी कसलेही कारण सांगू लागले, की मन आपोआप विचारते, ‘हे झाले अर्जातले. तारण काय?’

मला ही खोड लागली ती मराठवाड्यातल्या एका लहान गावी. नोकरीची पहिली वर्षे होती. ‘कर्जाचे कारण’ या रकान्यात शेतकरी पाइपलाइन लिहीत, विहीर खोल करणे लिहीत आणि पैसे मुलीच्या लग्नाला जात. मी मन लावून कारणे वाचायचो आणि लांबलचक शिफारशी लिहायचो. आमच्या मॅनेजरसाहेबांनी एकदा मला समोर बसवून सांगितले, ‘‘अर्जात माणूस त्याला जे सांगायचं असतं ते सांगतो. तारणाचा कागद जे असतं ते सांगतो. दोन्ही वाच, पण सही करताना दुसरा पुढ्यात ठेव.’’

त्याच गावातला एक मोठा बागाईतदार ट्रॅक्टरच्या कर्जासाठी आला होता. मालमत्तेचा तपशील विचारला, तसा तो म्हणाला, ‘‘लिहा साहेब. बागाईत बारा एकर, विहिरी दोन, बैलजोड्या दोन, गडी दोन.’’ मी हसलो, तोही हसला. मी पहिल्या तीन गोष्टी लिहिल्या आणि कागद पुढे सरकवला. त्या दोन गड्यांपैकी एक जण दारात मालकाची पिशवी धरून उभा होता. उचल घेऊन वर्षाच्या बोलीवर राहिलेला सालगडी. तो मात्र हसला नव्हता. कर्ज मंजूर झाले, ट्रॅक्टर आला आणि मी ते सारे विसरून गेलो.

ते आठवले ते माझ्या नातीमुळे. माझी मुलगी-जावई अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात असतात. यादवी युद्धाच्या काळात हे शहर दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांची राजधानी होते. त्यांचा सेनापती रॉबर्ट ली याचा तिथला प्रचंड अश्वारूढ पुतळा २०२१ साली उतरवला गेला. पुतळा गेला, वाद राहिला. नातीने एका रविवारी फोनवर विचारले, ‘‘आजोबा, शाळेत बाई सांगतात, युद्ध गुलामगिरीमुळे झालं. शेजारचे आजोबा म्हणतात, छे, ते राज्यांच्या अधिकारांसाठी झालं. खरं कोणाचं?’’

मी तिच्याकडून दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली आणि पुस्तके काढून बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले, ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

प्रथम शेजारच्या आजोबांची बाजू. ती अगदीच पोकळ नाही. अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली तयार झाली ती आधीपासून नांदत असलेल्या राज्यांच्या करारातून. केंद्राला किती अधिकार आणि राज्यांना किती, हा वाद पहिल्या दिवसापासून होता. १८३२ साली साउथ कॅरोलायना राज्याने केंद्राचा जकातीचा कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला. राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी सैन्याची भाषा केली, आणि पुढच्या वर्षी जकात उतरवून तडजोड झाली. तेव्हा गुलामगिरीचे नाव न घेताही राज्यांच्या अधिकारांवर भांडण होऊ शकत होते. आपल्याकडे केंद्र आणि राज्ये यांच्यात कुरबुरी चालतात, त्यातल्या कित्येक रास्तही असतात. दूरच्या राजधानीने आपल्या अंगणात किती डोकवावे, हा प्रश्न कोणत्याही संघराज्यात खोटा नाही.

हा झाला अर्ज. आता कागद पाहू.

अब्राहम लिंकन ६ नोव्हेंबर १८६० रोजी निवडून आले. जिथे गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावणार नाही, पण पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत ती पसरू देणार नाही, एवढीच त्यांची भूमिका होती. तरीही २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना बाहेर पडले. ४ मार्च १८६१ ला लिंकन यांनी शपथ घेतली, तोवर सात राज्ये बाहेर पडली होती. त्यांतल्या चार राज्यांनी आपण का बाहेर पडतो याची कारणे लिहून प्रसिद्ध केली. ती आजही कोणालाही वाचता येतात. मिसिसिपीने आडपडदा न ठेवता सुरुवातीलाच लिहिले आहे, की आमचे सारे अस्तित्व गुलामगिरीच्या संस्थेशी जोडलेले आहे. साउथ कॅरोलायनाची तक्रार वाचताना तर मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. उत्तरेकडच्या राज्यांनी पळून आलेले गुलाम परत देण्याचे टाळले, त्यासाठी स्वतःचे वेगळे कायदे केले, न्यूयॉर्कमधून गुलाम बरोबर घेऊन जाण्याचीही सोय उरली नाही, ही त्यांची गाऱ्हाणी होती.

म्हणजे तक्रार अशी, की उत्तरेकडची राज्ये आपले अधिकार फार वापरतात!

याचे मूळ १८५० च्या कायद्यात आहे. पळालेला गुलाम देशात कुठेही सापडला तरी तो मालकाला परत द्यायचा, असा हा केंद्राचा कायदा. दक्षिणेने तो हट्टाने करून घेतला. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे आणि ज्यूरीही मिळत नसे. आसपासच्या नागरिकांनी पकडायला मदत केलीच पाहिजे, अशी सक्ती होती. निवाडा करणाऱ्या कमिशनरने माणूस मालकाचा ठरवला तर त्याला दहा डॉलर फी मिळे. सोडून दिला तर पाच. कागदपत्रे जास्त करावी लागतात, हे त्याचे समर्थन. फीच्या दरातच निकाल लिहून ठेवण्याचा असा प्रकार बँकेच्या साऱ्या परिपत्रकांतही माझ्या पाहण्यात आला नाही.

१८५४ साली बोस्टनमध्ये अँथनी बर्न्स नावाच्या तरुणाला केंद्राच्या सैनिकांच्या पहाऱ्यात बंदरावर नेऊन दक्षिणेला परत धाडले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो लोक हताशपणे पाहत होते. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये लोकांनी तुरुंग फोडून जोशुआ ग्लोव्हर नावाच्या फरारी गुलामाला सोडवले, आणि तिथल्या राज्य न्यायालयाने हा केंद्राचा कायदाच घटनाबाह्य ठरवला. राज्याचा अधिकार याहून लखलखीत कुठे दिसायचा? पण १८५९ साली केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि राज्यांच्या अधिकारांचा गजर करणाऱ्या दक्षिणेला तो निकाल सोयीचाच वाटला. त्याआधी १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात याच न्यायालयाने सांगितले होते, की कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिक होऊ शकत नाही आणि केंद्राच्या प्रदेशांत गुलामगिरीला मनाई करण्याचा अधिकार काँग्रेसला नाही.

केंद्र आपल्या बाजूचे असते तेव्हा केंद्र प्यारे. ते हातातून निसटते तेव्हा राज्य प्यारे. दोन्ही वेळी जपायची वस्तू एकच होती.

त्या वस्तूची किंमत किती? १८६० च्या खानेसुमारीत अमेरिकेत साडेएकोणचाळीस लाखांच्या आसपास गुलाम होते. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपी या राज्यांत तर ते लोकसंख्येच्या निम्म्याहून अधिक. देशाच्या निर्यातीत मूल्याने निम्म्याहून जास्त वाटा कापसाचा होता, आणि हा कापूस त्यांच्या घामातून येत होता. बाजारभावाने या माणसांची किंमत अब्जावधी डॉलर भरत होती. साऱ्या देशातील रेल्वे आणि कारखाने एकत्र केले तरी ती जास्त होती, असे इतिहासकार सांगतात.

आणि या किमतीवर कर्जे उभी होती. २००५ साली जेपी मॉर्गन चेस या बड्या बँकेने जाहीर माफी मागितली. तिच्यात पुढे विलीन झालेल्या लुइझियानातल्या दोन जुन्या बँकांनी १८३१ ते १८६५ या काळात सुमारे तेरा हजार गुलाम कर्जाला तारण म्हणून घेतले होते. कर्जे थकली तेव्हा त्यांतले सुमारे साडेबाराशे जण बँकांच्या मालकीचे झाले.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. थकीत कर्जाची जप्ती म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. पंचनामा, यादी, मूल्यांकन. कोणी तरी माझ्यासारखाच नाकासमोर चालणारा अधिकारी, स्वच्छ अक्षरात, रकाने आखून नाव, वय, किंमत लिहीत असेल. बेरीज बरोबर आली म्हणून त्याला समाधानही वाटले असेल. माझ्या डोळ्यांपुढे तो दारातला सालगडी उभा राहिला. तुलना करताना जपून केली पाहिजे. सालगडी विकला जात नव्हता, त्याची मुले बाजारात उभी केली जात नव्हती. पण त्याचा मालक त्याला बैलांनंतर मोजतो आणि मी हसतो, या दोन गोष्टी मला आता हलक्या वाटत नाहीत.

लिंकन गुलामगिरीला हात लावणार नव्हते, मग दक्षिणेला एवढी भीती कसली? बँकेतल्या माणसाला हे लगेच कळते. कापूस जमिनीचा कस खातो. नवी जमीन लागते. नव्या जमिनीला माणसे लागतात, म्हणून व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांतून लक्षावधी माणसे दक्षिणेला विकली गेली. विस्तार थांबला की मागणी थांबणार, भाव उतरणार, तारण कोसळणार. नव्या प्रदेशांवर एवढी भांडणे झाली त्याचे एक कारण हे होते. दुसरे कारण, नवी राज्ये गुलामगिरीविना आली तर सेनेटमधले बळ जाणार.

बाहेर पडल्यावर दक्षिणेने स्वतःची जी घटना केली, ती पाहावी. राज्यांचे सार्वभौमत्व तिच्या उद्देशिकेतच आले आहे. पण गुलामांवरील मालकी हक्काला बाधा आणणारा कायदा त्यांच्या काँग्रेसला करता येणार नव्हता, आणि दुसऱ्या राज्यातला मालक गुलाम घेऊन आला तर त्याला अडवण्याचा अधिकार राज्यांनाही नव्हता. त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना शहरातील भाषणात सांगून टाकले, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या नव्या राज्याची कोनशिला. युद्ध हरल्यावर याच गृहस्थांनी १८६८ ते १८७० या काळात दोन जाडजूड खंड लिहिले, आणि लढा घटनेचा आणि राज्यांच्या अधिकारांचा होता असे प्रतिपादन केले. कर्ज बुडाल्यावर अर्जातले कारण बदलायला आलेले लोक मीही पाहिले आहेत.

उत्तरेचे हात स्वच्छ होते, असे मात्र कोणी समजू नये. तिथल्या गिरण्या याच कापसावर चालत होत्या, न्यूयॉर्कचे सावकार याच व्यापारात पैसा लावत होते. आणि आपली मुंबई? युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्यांना खानदेश-वऱ्हाडचा कापूस हवा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. ज्यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंद या तेजीतले सर्वांत मोठे नाव. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या आणि बँक ऑफ बॉम्बेही त्यात खचली. तिकडे सहा लाखांवर सैनिक मेले, इकडे आपण भाव पाहत होतो.

पण याच महाराष्ट्रातल्या एका माणसाने भाव पाहिला नाही. पुण्यात बसून जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते अमेरिकेतल्या त्या सद्गृहस्थांना अर्पण केले, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी त्याग केला. आपल्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. जोतीरावांनी त्या युद्धाकडे गुलामाच्या जागी उभे राहून पाहिले. तिथून पाहिले की वाद उरत नाही. ज्याला पंचनाम्यात लिहिले जाते, त्याला कोणी विचारीतच नाही, की अधिकार केंद्राकडे असावा की राज्याकडे.

दोन आठवड्यांनी नातीला फोन केला. म्हटले, ‘‘शेजारच्या आजोबांशी भांडू नकोस. ते ‘अधिकार’ म्हणाले, की अदबीने दोनच प्रश्न विचार. कशाचा अधिकार? आणि कोणावर?’’ ‘आमच्या राज्याचा प्रश्न’, ‘आमच्या जातीचा प्रश्न’, ‘आमच्या घरातला प्रश्न, तुम्ही मधे पडू नका’ ही वाक्ये आपणही रोज ऐकतो. प्रत्येक वेळी ती खोटी असतात असे नाही. पण त्या घरात सर्वांत गप्प कोण बसले आहे, हे पाहिल्याशिवाय त्यांच्यावर सही करू नये.

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, त्या सालगड्याचं नाव काय होतं?’’

मला सांगता आले नाही. मी ते विचारलेच नव्हते.