घूं आवाजाचे मूळ भिंतीत

भोकरदनच्या एका घरातला संगणक गेल्या उन्हाळ्यात माझ्या टेबलावर आला. तक्रार नेहमीचीच, 'साउंड खराब'. त्याआधी दोनदा विंडोज मारून झाली होती, साउंड कार्डही नवे बसवलेले. दुकानात लावला तर आवाज स्वच्छ. मी तो तसाच परत पाठवला आणि चुकलो. घरी लावताच पुन्हा तोच घूं.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर घेऊन गेलो. थ्री पिन टॉपची मोठी पिन कापलेली होती आणि सॉकेटमागची अर्थिंगची तार मोकळी लोंबत होती. अर्थिंग नसले की एसएमपीएसमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरांमुळे कॅबिनेटवर निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दाब येतो. हाताला येणाऱ्या झिणझिण्या त्याच्याच. त्या घरी होम थिएटरला टीव्हीची केबलही जोडलेली होती. कॅबिनेटवरचा गळका प्रवाह ऑडिओ वायरच्या जाळीतून तिकडे वाट काढत होता. विंडोज मारून हा घूं कसा जाणार? गेली ती सी ड्राइव्हवर ठेवलेली आजोबांच्या भजनांची रेकॉर्डिंग.

भोकरदनच्या भागात हा त्रास उन्हाळ्यात वाढतो. काळी माती पावसाळ्यात पाणी धरते, मे महिन्यात भेगाळते. कोरड्या मातीत अर्थिंगचा रोध चढतो. खड्ड्यातले मीठ-कोळसा वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नसते, पाणी घालणे तर दूरच.

म्हणून संगणक उघडण्याआधी ऐका. स्पीकरची वायर संगणकातून काढा. तरीही गुणगुण राहिली तर दोष बहुधा स्पीकरच्याच पॉवर सप्लायमध्ये, बऱ्याचदा सुकलेल्या कपॅसिटरमध्ये असतो. लॅपटॉपचा चार्जर काढताच आवाज थांबला तर अर्थिंगचा वेढा, म्हणजे लूप, चार्जरच्या वाटेने होतो आहे. संगणक आणि अँप्लिफायर एकाच बोर्डवर घेऊन पाहा, टीव्हीची केबल सोडवून पाहा. खरखर तुटक असेल, तर मात्र ड्रायव्हरकडे वळा.

आवाज मुळीच नसेल तर पहिले मिनिट प्लेबॅकच्या यादीला द्या. एचडीएमआयने मॉनिटर जोडला की विंडोज कधी कधी त्यालाच आवाज देते, मग त्यात स्पीकर असो वा नसो.

एक गोष्ट मात्र मी कळवळून सांगतो. घूं थांबतो म्हणून अर्थिंगची पिन कापू नका, कोणी कापलेली दिसली तर टॉप बदलून द्या. त्या कॅबिनेटला घरातली लहान मुले हात लावतात. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर बिलावर तसे लिहा, वायरमनला बोलवायला सांगा आणि त्या दिवशी फॉरमॅटचा पेन ड्राइव्ह पिशवीतच राहू द्या.