किनखाबी मासा

आमच्या एका वाचक भगिनींनीं विचारिलें आहे कीं, हौदांत सोडलेल्या त्यांच्या कोइ माशाच्या पाठीवरील काळे ठिपके वर्षभरांत नाहींसे झाले. तेव्हां विकणारानें रंग लावून फसविलें असेल काय? मासा कोणास तरी देऊन टाकावा, असें घरांतील वडील मंडळींचें मत पडलें आहे. इतकी घाई करूं नये, असें आम्हांस वाटतें.

ह्या माशाचें माहेर जपानांतील निइगाता प्रांताचे डोंगर. तेथील भातशेतकरी खाण्याकरितां काळसर कार्प मासे पाळीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांत क्वचित् तांबडीं-पांढरीं पिलें निपजूं लागलीं, तीं लोकांनीं हौसेनें राखिलीं. आणि १९१४ सालीं तोकियोच्या प्रदर्शनांत हे मासे मांडले गेल्यावर ती हौस देशभर पसरली. ‘निशिकिगोइ’ म्हणजे किनखाबी कार्प. परंतु किनखाबाचा बुट्टा एकदां विणला कीं कायम; ह्याचा जन्मभर विणला जातो आणि कधीं उसवतोही.

रंग असतो तो कातडींतील निरनिराळ्या पेशींत. तांबड्या-पिवळ्या पेशींतील द्रव्य माशास मुळापासून स्वतः बनवितां येत नाहीं. तें शेवाळ, झिंगे अशा अन्नांतून मिळावें लागतें. नुसत्या पोळीच्या तुकड्यांवर लाली टिकावी कशी? काळें द्रव्य मात्र तो घरचेंच करितो. ‘सान्के’ आणि ‘शोवा’ ह्या जातींत तें पुष्कळदां कातडीच्या खालच्या थरांत दडून बसतें आणि कांहीं वर्षांनीं गडद होऊन वर येतें. दडलेल्या काळ्याची खूण म्हणजे पांढऱ्यावर दिसणारी निळसर-करडी छाया. ती असेल तर आशा आहे. मुळींच नसेल तर आम्हीं खोटा भरंवसा देऊं नये हें बरें.

तांबड्या डागाची पुढची कड धूसर दिसते, तोही दोष नव्हे. खवले कौलांप्रमाणें एकावर एक असतात. पुढच्या पांढऱ्या खवल्याखालून मागचें तांबडें डोकावतें. मासा वाढून कातडी जाड झाली म्हणजे कड बहुधा रेखीव होते. डाग मात्र अंगाबरोबर ताणला जातो, नवें तांबडें सहसा येत नाहीं. म्हणून बालपणीं नाजूक दिसणारी नक्षी मोठेपणीं विरळ वाटते.

एक मादी लाखों अंडीं घालते, आणि निवड करणाराची खरी कसोटी तेथेंच लागते. शोवाचीं पिलें जन्मल्यावर थोड्याच दिवसांत काळीं तेवढीं ठेवून बाकीचीं काढितात. पुढें पहिल्याच वर्षीं नटलेला मासा खुशाल विकतात. अर्धवट, ओबडधोबड, परंतु पुढें फुलेल असा वाटतो, तो ‘तातेगोइ’ म्हणून मालक स्वतःजवळ ठेवितो. अंदाज चुकला तर वर्षांचें खाणें-पिणें फुकट! २००४ च्या २३ ऑक्टोबरला भूकंपानें यामाकोशी गांवची तळीं फुटलीं, तेव्हां तेथील लोकांचे असे पिढ्यान् पिढ्या निवडलेले मासे गेले. उरलेल्यांपैकीं कांहीं हेलिकॉप्टरनें बाहेर काढावे लागले.

तेव्हां आमच्या भगिनींनीं एखाद्या सकाळीं स्वच्छ उजेडांत माशाची पाठ नीट न्याहाळावी. छाया दिसल्यास दोन पावसाळे थांबावें, आणि काय झालें तें आम्हांस अवश्य कळवावें.